पोटातली महाधमनी फुटली : मांडीतून स्टेंट-ग्राफ्ट जमेल का, हे ठरवायचं कसं?

पोटातल्या महाधमनीला आलेला फुगवटा फुटला तर तो बंद करायचे मार्ग दोनच. पोट उघडून, वर चिमटा लावून, कृत्रिम नळी शिवायची. किंवा जांघेतल्या धमनीतून स्टेंट-ग्राफ्ट वर सरकवून आतल्या आत गळती थांबवायची. या दुसऱ्या मार्गाला आम्ही ईव्हार म्हणतो आणि फुगवट्याला ट्रिपल ए. नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, न कापता होईल का?" त्यावर बहुतेकांची नजर आधी रुग्णाच्या वयाकडे आणि बीपीकडे जाते. मला ही सुरुवातच उलट्या टोकाने झालेली वाटते. ईव्हार जमणं हे मुख्यतः दोन गोष्टींवर असतं : धमनीची ठेवण कशी आहे आणि रुग्ण ज्या दारात उतरला तिथे काय तयारी आहे. धमनीची ठेवण आपल्या हातात नाही. दार मात्र आपण निवडतो, आणि ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात ते निवडताना सगळ्यात कमी विचार होतो.

म्हणून हा लेख आधी कॅज्युअल्टीतल्या आरएमओसाठी (ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरसाठी) आणि फॅमिली डॉक्टरांसाठी आहे. घोडबंदर रोडवरचं पंचवीस खाटांचं नर्सिंग होम असो की कामोठ्यातलं. ज्या घरात कुणाच्या सोनोग्राफी रिपोर्टवर 'अ‍ॅन्युरिझम' असं लिहून आलंय, त्यांनाही शेवटचा भाग उपयोगी पडेल. ऑपरेशन कोणतं करायचं हे अखेर व्हॅस्क्युलर टीमच ठरवणार. त्यांच्यापर्यंत रुग्ण वेळेत आणि योग्य माहितीसह पोचवणं हे आपलं काम.

पायरी १ : 'स्टोन'वर पटकन विश्वास ठेवू नका

साठी ओलांडलेला पुरुष, विडी-सिगारेटचा जुना नाद, ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू. अचानक कमरेत किंवा डाव्या कुशीत जीवघेणी कळ, घाम, एकदा चक्कर येऊन पडला आणि पुन्हा सावध झाला. आपल्याकडे अशा माणसाला सवयीने मुतखड्याचं इंजेक्शन दिलं जातं, थोडं बरं वाटतं आणि तो घरी जातो. आयुष्यात पहिल्यांदाच साठीनंतर 'स्टोनची कळ' आली असेल, तर महाधमनी ठीक आहे हे बघितल्याशिवाय त्याला सोडायचं नाही. एवढा एकच नियम पाळला तरी बरंच साधेल.

पुस्तकातली तिन्ही लक्षणं, म्हणजे दुखणं, घसरलेलं बीपी आणि पोटात हाताला धडधडणारी गाठ, एकत्र दिसणारे रुग्ण निम्म्याहून कमी. पोट सुटलेलं असेल तर गाठ हाताला लागत नाही. बीपीही सुरुवातीला फसवतं, कारण फुटवा बहुधा मागच्या बाजूला, पाठीच्या कण्यालगतच्या जागेत होतो आणि तिथले स्नायू व ऊती रक्ताला काही काळ दाबून धरतात. ज्यांचं रक्त थेट पोटाच्या पोकळीत उतरतं, ते सहसा दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत. म्हणजे तुमच्या समोर जो बोलतोय, त्याला हा अवधी मिळालेला आहे. तो किती आहे हे कुणालाच माहीत नसतं, पण सीटीपुरता बहुतेकांच्या बाबतीत असतो.

पायरी २ : सोनोग्राफी फुगवटा दाखवते, फुटवा नाही

खाटेजवळ सोनोग्राफी करता आली तर दोन मिनिटांत महाधमनीचा व्यास कळतो. निरोगी धमनी साधारण २ सेंटिमीटर; ३ किंवा अधिक असेल तर तो अ‍ॅन्युरिझम. पण आपल्याकडे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे सोनोग्राफीचं यंत्र नोंदणी केलेल्या जागी, नोंदणीकृत डॉक्टरच्याच हातात असायला लागतं. त्यामुळे छोट्या कॅज्युअल्टीच्या कोपऱ्यात ते सहसा नसतं आणि रात्री रेडिओलॉजिस्टला घरून बोलवावं लागतं. ते येईपर्यंत थांबू नका. संशय पक्का असेल तर थेट सीटी अँजिओ.

रुग्ण बोलतोय, बीपी हाताला लागतंय आणि तुमच्याच इमारतीत सीटी आहे, तर ती करूनच पुढे पाठवा. तोंडाने कॉन्ट्रास्ट पाजायचा नाही, क्रिएटिनिनच्या (किडनीच्या कामाच्या) रिपोर्टसाठी अडायचं नाही. रेडिओलॉजिस्टला मागणी नीट सांगा : छातीपासून जांघेतल्या धमन्यांपर्यंत, धमनीच्या टप्प्यातला कॉन्ट्रास्ट, साधारण १ मिलिमीटरचे काप. पाच मिलिमीटरच्या कापांवर 'आहे' एवढं कळतं, ग्राफ्टचं माप निघत नाही. मग मोठ्या हॉस्पिटलात पुन्हा सीटी आणि पुन्हा तेवढाच वेळ.

सीटीसाठी रुग्णाला दुसऱ्या सेंटरला न्यावं लागत असेल तर मात्र नेऊ नका. रात्री कापूरबावडीहून नौपाड्याला सीटीसाठी, तिथून परत आणि मग पुन्हा तिसरीकडे ही वरात परवडणारी नाही. अशा वेळी नुसत्या संशयावर, पूर्ण तयारी असलेल्या जागी पाठवणं शहाणपणाचं.

पायरी ३ : फोन आधी, अ‍ॅम्ब्युलन्स लगेच मागून

इथेच खरा निकाल लागतो. फलकावर 'सुपर स्पेशालिटी' लिहिलंय आणि आत कॅथलॅब आहे, एवढ्यावर रात्री अडीचला ईव्हार होत नाही. हृदयाचा स्टेंट टाकणारी टीम आणि महाधमनीचा ग्राफ्ट बसवणारी टीम एकच असेलच असं नाही. फोनवर पाच गोष्टी विचारा, आणि उत्तरं रिसेप्शनवरून घेऊ नका, ड्यूटीवरच्या डॉक्टरकडून घ्या.

व्हॅस्क्युलर सर्जन किंवा हे काम करणारे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आत्ता येऊ शकतात का? कॅथलॅब किंवा हायब्रिड ओटी (कॅथलॅब आणि ऑपरेशन थिएटर एकत्र) मोकळी आहे का आणि तिथेच गरज पडली तर पोट उघडता येईल का? वेगवेगळ्या मापांचे ग्राफ्ट कपाटात आहेत की मागवावे लागतील? हा प्रश्न बहुतेक जण विसरतात. नियोजित केसमध्ये माप काढून कंपनीच्या वितरकाकडून ग्राफ्ट मागवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे; फुटलेल्या धमनीत त्या प्रतीक्षेला जागा नसते. चौथं, स्वतःची ब्लड बँक आहे का आणि रक्त, प्लाझ्मा लगेच मिळेल का? पाचवं, आयसीयूत खाट.

या पाचांत ग्राफ्टचं उत्तर 'नाही' आलं तरी बाकी चार 'हो' असतील, तर ते हॉस्पिटल पोट उघडून ऑपरेशन करू शकतं. जवळचं चांगलं ओपन ऑपरेशन हे लांबच्या अनिश्चित ईव्हारपेक्षा बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. उलट जिथे फक्त ईव्हार होतो आणि पोट उघडणारा हात नाही, तिथे फुटलेला ट्रिपल ए पाठवताना दोनदा विचार करावा.

फोनवर सांगायचं कसं? "सर, घोडबंदर रोडवरून बोलतेय. ७२ वर्षांचे काका, सिगारेट ओढणारे, दोन तासांपासून पाठीत कळ, एकदा बेशुद्ध पडले होते. आत्ता शुद्धीवर आहेत, बोलतायत, सिस्टॉलिक ८४. सीटीत किडनीच्या धमन्यांच्या खाली साडेसात सेंटिमीटरचा अ‍ॅन्युरिझम, डावीकडे मागे रक्त. इकोस्प्रिन चालू आहे, रक्त पातळ करणारं दुसरं काही नाही. एरवी स्वतःचं सगळं स्वतः करतात." चाळीस सेकंदांत एवढं सांगून होतं. यातलं शेवटचं वाक्य गाळू नका. निर्णयात त्याला मोठं वजन आहे.

सीटीचे काप स्क्रीनवर सरकवत व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला की सर्जनला ढोबळ अंदाज येतो, तेवढ्यासाठी तो जरूर पाठवा. माप मात्र त्यावरून काढता येत नाही. मूळ डायकॉम फाइलची (सीटी यंत्रातल्या अस्सल चित्रांची) लिंक पाठवा किंवा सीडी करून रुग्णासोबत द्या. छापील फिल्मचा मोठा लिफाफा इथे फारसा कामाचा नाही.

आता रस्ता. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस संस्थेनुसार हलवायचं ठरल्यापासून ३० मिनिटांत रुग्ण निघालेला असावा. अमेरिकेतल्या व्हॅस्क्युलर सर्जन्सच्या संघटनेने २०१८ मध्ये दारात आल्यापासून प्रत्यक्ष उपचार सुरू होईपर्यंत ९० मिनिटांचं लक्ष्य ठेवलं. आपल्याकडे ही गणितं माजिवड्याच्या जंक्शनला अडकतात. तेव्हा अंतर किलोमीटरमध्ये न मोजता त्या घटकेच्या मिनिटांत मोजा. ऐरोलीचा रुग्ण संध्याकाळी ठाण्याकडे न्यायचा की ठाणे-बेलापूर रस्त्याने वाशी-बेलापूरकडे, हे नकाशावरच्या लाल रेघा बघून ठरवा. उलवे-पनवेल भागासाठी जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूने एक नवा पर्याय दिला आहे : शिवडीला उतरलं की परळची मोठी रुग्णालयं जवळ. गायमुखच्या पलीकडून येणाऱ्यांना मात्र तसा दिलासा नाही, घाटातल्या ट्रकांच्या रांगा धरूनच हिशेब करावा लागतो.

१०८ ला फोन करताना 'पोटदुखी' म्हणू नका. 'पोटातली मोठी रक्तवाहिनी फुटली आहे, डॉक्टर असलेली अ‍ॅम्ब्युलन्स हवी' असं म्हणा.

पायरी ४ : बीपी वर चढवण्याचा मोह आवरा

सिस्टॉलिक (बीपीचा वरचा आकडा) ८० दिसलं की हात आपोआप सलाइनची दुसरी बाटली लावायला जातो. इथे थांबा. रुग्ण शुद्धीवर असेल, नाव-गाव सांगत असेल, तर ७० ते ९० सिस्टॉलिक चालतं. सलाइन ओतून ते १२० केलं, की ज्या रक्ताच्या गाठीने आणि ऊतींनी भोक दाबून धरलंय ती सुटते, रक्त पातळ होतं, गोठणं बिघडतं, शरीर थंड पडतं.

मात्र 'कमी बीपी चांगलं' असाही याचा अर्थ नव्हे. ब्रिटनच्या इम्प्रूव्ह चाचणीत (फुटलेल्या ट्रिपल ए-साठी 'ठेवण जमली तर ईव्हार' हे धोरण विरुद्ध ओपन, म्हणजे पोट उघडून ऑपरेशन) ज्यांचं सिस्टॉलिक ७० च्या खाली गेलं होतं, त्यांच्यातले ५१ टक्के ३० दिवसांत दगावले. बाकीच्यांत ३४ टक्के. शुद्ध हरपायला लागली किंवा बीपी ७० च्या खाली उतरलं तर द्रव द्यायचाच, शक्यतो रक्त आणि प्लाझ्मा, थोडं-थोडं. दोन जाड सुया, वेदनेसाठी फेंटानिल किंवा मॉर्फिन अगदी बारीक मात्रेत, अंगावर पांघरूण. जागेपणी नाकातून नळी घालण्याचा खटाटोप नको. उमाळा आला की पोटात दाब वाढतो. आणि केवळ सोयीसाठी रुग्णाला बेशुद्ध करून ट्यूब टाकू नका. भूल दिली की पोटाचे स्नायू सैल पडतात, तो दाब जातो आणि बीपी एकदम कोसळतं.

रक्ताची चिठ्ठी मुलाच्या हातात देऊन त्याला बाहेरच्या ब्लड बँकेत पाठवण्याची आपली जुनी रीत या आजारात उपयोगाची नाही. पिशव्या येईपर्यंत रुग्ण निघून गेलेला असायला हवा. गटाची तपासणी करून गट पुढच्या हॉस्पिटलला फोनवर कळवा. रक्त तिथेच तयार ठेवू द्या.

पायरी ५ : सीटीवर पाच मापं

'जमेल का' याचं उत्तर इथे मिळतं. आरएमओला ही मापं काढता आलीच पाहिजेत असं नाही, पण काय बघतात हे माहीत असलं तर 'मोठ्या हॉस्पिटलने स्टेंट नाही म्हटलं' याचं कारण नातेवाइकांना समजावता येतं.

सगळ्यात महत्त्वाची मान, म्हणजे नेक. किडनीच्या धमन्यांपैकी सर्वांत खालच्या धमनीपासून फुगवटा सुरू होईपर्यंतचा निरोगी तुकडा. पाइपावर कपलिंग बसवायला प्लंबरला सरळ, शाबूत तुकडा लागतो, तसा ग्राफ्टला वरच्या बाजूला हा तुकडा लागतो. लांबी १० ते १५ मिलिमीटर तरी हवी. व्यास साधारण ३२ मिलिमीटरपर्यंत, कारण त्याहून रुंद मानेला बसेल असा नेहमीचा ग्राफ्ट मिळत नाही. फुगवट्याशी होणारा कोन ६० अंशांपेक्षा जास्त असेल तर ग्राफ्ट एका कडेला टेकतो, दुसरीकडे फट राहते. मान खाली जाताना रुंद होत गेली असेल, किंवा आत कॅल्शियमचा वा रक्ताच्या गाठीचा जाड थर असेल, तरी पकड नीट येत नाही. या सगळ्यांत एकच खोड असेल तर अनुभवी हात वाट काढतात. दोन-तीन एकत्र आल्या तर ओढून-ताणून ग्राफ्ट टाकण्यात अर्थ नसतो. नियोजित केसमध्ये मानेपाशी थोडी गळती दिसली तर विचार करायला दिवस मिळतात. फुटलेल्या धमनीत तीच गळती म्हणजे रक्तस्राव चालूच.

इथे एक खास भानगड आहे. रक्त गेलेल्या माणसाची धमनी आकसलेली असते, त्यामुळे सीटीवर मान खऱ्यापेक्षा बारीक दिसते. उद्या रक्त भरलं की ती रुंदावते आणि ग्राफ्ट ढिला होतो. म्हणून नियोजित केसला ग्राफ्ट मानेपेक्षा १० ते २० टक्के मोठा घेतात, तर फुटलेल्यात २० ते ३० टक्के.

दुसरं, वर जायची वाट. जांघेतून महाधमनीपर्यंतच्या इलियाक धमन्या किती रुंद, किती वाकड्या, किती चुन्याने भरलेल्या? बहुतेक ग्राफ्टना ७ मिलिमीटरच्या आसपास जागा लागते, नव्या बारीक प्रकारांना त्याहून कमी चालते. एक बाजू बंद असली तरी सगळं संपत नाही : एकाच पायात उतरणारा ग्राफ्ट टाकून दुसऱ्या पायाला जांघेतून जांघेत कृत्रिम नळीने रक्त देता येतं. घाईच्या वेळी ही युक्ती खूप कामी येते.

तिसरं, खालची पकड. इलियाकमध्ये साधारण १० ते १५ मिलिमीटरचा धड तुकडा हवा. तिथेही फुगवटा उतरला असेल तर आतली इलियाक (ढुंगण आणि ओटीपोटाच्या आतल्या भागाला रक्त देणारी फांदी) एका बाजूने झाकावी लागते. नंतर चालताना त्या बाजूचं ढुंगण दुखतं. जीव वाचत असताना हा सौदा वाईट नाही. दोन्ही बाजूंनी झाकायची वेळ आली तर मोठ्या आतड्याच्या रक्तपुरवठ्याची काळजी करावी लागते.

चौथं, फुगवटा किडनीच्या धमन्यांपर्यंत किंवा वरपर्यंत गेलाय का. गेला असेल तर साधा ईव्हार नाही. किडनीच्या फांद्या जपणारे खास ग्राफ्ट किंवा चिमणी पद्धत (मुख्य ग्राफ्टशेजारून किडनीकडे जाणारा छोटा स्टेंट) असते, पण ती मोजक्या हातांतली कामं. रात्रीच्या भरवशावर धरू नयेत.

आणि पाचवं, हा फुगवटा जंतुसंसर्गाचा तर नाही? आपल्याकडे साल्मोनेला आणि क्षयरोग या दोन्हींमुळे महाधमनी सडून फुगल्याच्या केसेस बघायला मिळतात. रुग्ण तुलनेने तरुण, महिनाभराचा ताप, एका बाजूला फुगलेली पिशवीसारखी धमनी, भोवती सूज किंवा हवेचे बुडबुडे असतील तर टीमला हे आधीच सांगा. रक्तस्राव थांबवायला ईव्हार तिथेही करतात, पण संसर्गात परकी वस्तू ठेवल्यासारखं होतं. लांबलचक अँटिबायोटिक आणि कदाचित पुढे पुन्हा मोठं ऑपरेशन, याची तयारी ठेवूनच.

इम्प्रूव्ह चाचणीत फुटवा नक्की असलेल्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश रुग्ण ठेवणीच्या दृष्टीने ईव्हारला योग्य निघाले. म्हणजे तिघांत एकाला कितीही उत्तम हॉस्पिटल मिळालं तरी पोट उघडावं लागणार, हे धरून चाला.

पायरी ६ : वय, बीपी आणि बाईमाणूस

'बीपी लागत नाही, आता कसला स्टेंट, सरळ पोट उघडा' असं अजूनही ऐकू येतं. तर्क असा की ईव्हारला वेळ लागतो. तयार टीम असेल तर हे खरं नाही. जांघेतून फुगा वर नेऊन महाधमनी आतून तात्पुरती बंद करता येते, तीही जागेवर बधिर करून. ढासळलेल्या रुग्णाला पूर्ण भूल आणि पोटाला चीर हा जास्त मोठा धक्का असतो. त्यामुळे घसरलेलं बीपी हे ईव्हार नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. टीम तयार नसणं हे होऊ शकतं.

बायकांच्या बाबतीत गंमत आहे. त्यांच्या इलियाक बारीक, मान आखूड, म्हणून ठेवणीच्या कसोटीत त्या जास्त वेळा नापास होतात. पण इम्प्रूव्हमध्ये ईव्हारच्या धोरणाचा फायदा त्यांनाच जास्त दिसला : ३० दिवसांतले मृत्यू ३७ टक्के, तर ओपनच्या गटात ५७. आजींना 'झेपणार नाही' म्हणून सीटीच न करणं हे म्हणूनच फार महागात पडतं.

या चाचणीची एकूण आकडेवारी सांगायला हवी, कारण 'स्टेंटने जीव वाचतोच' असा समज पसरलाय. ६१३ रुग्ण होते, निकाल २०१४ मध्ये आले. ३० दिवसांतले मृत्यू ईव्हारच्या धोरणात ३५.४ टक्के आणि ओपनमध्ये ३७.४, फरक नगण्य. तीन वर्षांनी मात्र ४८ विरुद्ध ५६ टक्के. ईव्हारच्या गटातून वाचलेले लोक थेट आपल्या घरी जास्त गेले, इतर संस्थेत कमी. त्याआधीच्या अनेक अहवालांत ईव्हार फारच सरस दिसायचा, त्याचं एक कारण निवडीत होतं : लांब, सरळ मानेचे सोपे रुग्ण ईव्हारकडे आणि आखूड मानेचे अवघड रुग्ण ओपनकडे गेलेले. आखूड मान ओपन ऑपरेशनमध्येही धोका वाढवतेच.

या सगळ्यावरून नाइसने २०२० मध्ये काढलेला सूर मला पटतो : ठेवण योग्य असेल तर बहुतेकांना ईव्हार, विशेषतः सत्तरीपुढचे पुरुष आणि कोणत्याही वयाच्या स्त्रिया, सत्तरीच्या आतल्या धडधाकट पुरुषाचा ओपनसाठीही विचार व्हावा. युरोपातल्या व्हॅस्क्युलर संघटनेचा कल ठेवण योग्य असल्यास आधी ईव्हार असा आहे.

काही करूच नये अशी वेळही असते. हृदय बंद पडून दाबून चालू केलेलं, शुद्ध परत येत नाही, किंवा आधीच वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेलं नव्वदीतलं माणूस. कोणत्याही एका आकड्यावरून हा निर्णय घ्यायचा नाही, पण घेण्याचं टाळायचंही नाही. आइन्स्टाइनचा १९५५ मध्ये याच आजाराने मृत्यू झाला. १९४८ मध्ये डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी त्यांच्या फुगवट्याला सेलोफेन गुंडाळलं होतं, आणि शेवटी फुटल्यावर ऑपरेशनला त्यांनी स्वतः नकार दिला. घरच्यांना स्पष्ट सांगावं, वेदना पूर्ण थांबवाव्यात आणि शेजारी बसू द्यावं. यासाठी परळपर्यंतचा प्रवास कशाला?

पायरी ७ : टेबलावर काय मागायचं

हे टीमचं क्षेत्र, म्हणून थोडक्यात. शक्य असेल तिथे जांघेत जागेवर बधिर करूनच काम. इम्प्रूव्हमध्ये अशा रुग्णांत मृत्यू पुष्कळ कमी आढळले. ओपन करावं लागलंच तर पोटाला जंतुनाशक लावून, निर्जंतुक कापड पसरून, सर्जन हातमोजे घालून तयार झाल्यावरच भूल. अडवणारा फुगा हाताशी, गरज नसेल तर न फुगवता. रक्त गोठू न देणारं हेपारिन देताना हात आखडता. ग्राफ्ट बसल्यावर वरच्या-खालच्या टोकाला गळती नाही हे शेवटच्या चित्रात बघितल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. नातेवाइकांकडून संमती घेताना 'स्टेंट-ग्राफ्ट, गरज पडल्यास पोट उघडून शस्त्रक्रिया' अशी दोन्हींची एकदमच घ्यावी, मध्यरात्री दुसऱ्यांदा सही शोधत फिरायला नको.

पैशाचं बोलणंही इथेच. ग्राफ्टची किंमतच काही लाखांत जाते. एका माणसाने रुग्णासोबत, दुसऱ्याने विमा, रेशनकार्ड, आधार घेऊन काउंटरवर, अशी विभागणी करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते हॉस्पिटल आणि ही प्रक्रिया बसते का हे आरोग्यमित्राला विचारा, पण ते उत्तर येईपर्यंत रुग्ण खाली थांबवून ठेवू नका.

पायरी ८ : ग्राफ्ट बसला, पण पोट बघत राहा

चीर नाही म्हणून निर्धास्त होण्याचा हा आजार नाही. बाहेर सांडलेलं रक्त पोटात तसंच असतं, आतडी सुजतात आणि पोट आतून आवळलं जातं. लघवी कमी होते, व्हेंटिलेटरचा दाब वाढतो, पोट फळीसारखं. मूत्राशयाच्या नळीतून पोटातला दाब दर काही तासांनी मोजा. तो पाऱ्याच्या २० मिलिमीटरच्या वर आणि सोबत एखादा अवयव मान टाकत असेल तर पोट उघडून मोकळं करावं लागतं. 'न कापता झालं' असं ऐकलेल्या घरच्यांना ही शक्यता आधीच सांगितलेली बरी.

रक्तमिश्रित जुलाब झाले तर आतड्याचा रक्तपुरवठा तपासा. पाय थंड पडतोय का, क्रिएटिनिन चढतंय का, हे रोजचं. घरी सोडताना ग्राफ्टचं कार्ड, मापं आणि सीडी रुग्णाच्या फाइलमध्ये. पहिली सीटी महिन्याभरात, पुढे दरवर्षी सोनोग्राफी किंवा सीटी, आणि ती आयुष्यभर. ओपन ऑपरेशनला एवढी पाळत लागत नाही. 'मी दरवर्षी येणार नाही' असं ठामपणे सांगणारा ६२ वर्षांचा तब्येतीचा माणूस असेल, तर त्याचं हे म्हणणंही निवडीत धरावं.

आधीच माहीत असलेल्या फुगवट्याचं काय?

आपल्याकडे ब्रिटनसारखी ६५ व्या वर्षी पुरुषांची सरसकट तपासणी नाही. बहुतेकांना प्रोस्टेटच्या किंवा पित्ताच्या सोनोग्राफीत योगायोगाने कळतं. पुरुषात ५.५ आणि स्त्रीत ५ सेंटिमीटरपर्यंत सहसा पाळत, त्यापुढे नियोजित दुरुस्ती. नियोजित ईव्हारमधला धोका फुटल्यानंतरच्या तुलनेत अगदी थोडा असतो, तेव्हा 'दुखत तर नाही' म्हणून दिवाळीनंतर, लग्नानंतर असं ढकलू नका.

फुगवटा ५ च्या जवळ पोचला की एकदा सीटी अँजिओ करून व्हॅस्क्युलर सर्जनला सरळ विचारा, "उद्या फुटला तर यांना ग्राफ्ट बसेल का?" हो किंवा नाही, जे उत्तर येईल ते त्यांच्या सहीनिशी फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. खाली कोणत्या हॉस्पिटलला आधी फोन करायचा, तिथला इमर्जन्सीचा नंबर, रक्तगट आणि चालू गोळ्या. सीडीची एक प्रत घरात, एक मुलाच्या किंवा सुनेच्या मोबाइलवर लिंक म्हणून. सिगारेट, विडी आजच बंद. बीपीची गोळी चुकवायची नाही. सख्ख्या भावांना आणि पन्नाशी ओलांडलेल्या मुलांना एकदा पोटाची सोनोग्राफी करायला सांगा, आणि मागणीच्या कागदावर 'महाधमनीचा व्यास' असं आवर्जून लिहून घ्या. न लिहिल्यास यकृत-किडनीचा रिपोर्ट येतो आणि धमनीचा उल्लेख राहून जातो.